नवं नाक, जुनी चटणी

माझ्या नाकाबद्दल कुणी मला काही सांगावं, हे मला आयुष्यात कधी खपलं नाही. शाळेत शास्त्र शिकवत होते तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून कुठल्या बाकावर काय सांडलंय ते सांगायचे. माझे यजमान आनंदराव बाहेर चोरून विडी ओढून, खडीसाखर चघळत घरी यायचे, तेव्हा दार उघडायच्या आधीच मी आतून विचारायचे, "कितवी?" अशा बाईला वयाच्या बहात्तराव्या वर्षी छताला चिकटवलेलं एक यंत्र सांगतं की तुझं नाक गेलंय, तर तिनं काय करावं?

झालं असं की गणपतीच्या तोंडावर मी खोबरं भाजायला ठेवलं आणि तिथंच ओट्याशी स्टुलावर वाचत बसले. खोबरं तपकिरी झालं, काळं झालं, धुमसायला लागलं, आणि मी शेजारी निवांत. छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं, शेगडी आपोआप बंद झाली आणि माझी सून धावत आली. पूर्वा तिचं नाव, माहेर कुडाळचं. माझा मुलगा रणजित समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळतो, महिन्यातले पंधरा दिवस तिकडंच असतो. त्यामुळं कोल्हापुरातल्या आमच्या घरात एरवी आम्ही तिघंच.

"आई, तुम्हाला वास नाही आला?" पूर्वानं विचारलं.

"सर्दी झालीय," मी म्हणाले.

सर्दी झाली नव्हती. पूर्वानं कढई घासायला घेतली. तिला फारसं आश्चर्य वाटलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शहराबाहेर वार्धक्यावर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिथं सत्तरी ओलांडलेल्यांची तपासणी चालली होती. पूर्वा मला गोड बोलून तिथं घेऊन गेली. डॉक्टर केतकी हुपरीकर म्हणून एक पन्नाशीची बाई होती. तिनं माझ्या नाकाखाली एकेक कागदाची पट्टी धरली. लिंबू, कापूर, केवडा, हिंग. मला बहुतेक पट्ट्यांना नुसता कागदाचा वास येत होता, आणि तोही खरा येत होता की मी मनानं धरत होते, देव जाणे.

"हे एका दिवसात झालेलं नाही, बाई," हुपरीकर म्हणाल्या. "सात-आठ वर्षं हळूहळू चाललंय. दिसेनासं झालं की माणसाला लगेच कळतं. वासाचं तसं नाही. ओळखीचा पदार्थ समोर आला की मेंदू आठवणीतला वास काढून तुमच्यापुढं ठेवतो. तुम्हाला वाटतं, आला."

हा अपमान मी घरापर्यंत कसा आणला, माझं मला माहीत. वाटेत बिनचालकाच्या रिक्षानं पट्टा बांधायला सांगितलं, तर मी तिच्यावरच ओरडले.

पण मी शास्त्राची बाई. घरी येऊन हुपरीकरांनी दिलेलं सगळं वाचून काढलं. वर्गात सांगायचे तसं सांगते. आपल्या नाकात अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधे, नखाएवढ्या जागेत वासाच्या पेशी असतात. या मज्जापेशी, म्हणजे मेंदूच्याच जातकुळीतल्या, पण उघड्या हवेवर बसलेल्या. धूळ, धूर, सर्दी सगळं सोसून त्या महिना-दोन महिन्यांत मरतात, आणि त्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशी नव्या पेशी तयार करतात. शरीरात मज्जापेशी आयुष्यभर नव्यानं जन्मत राहतात अशी जागा क्वचितच सापडते. वय झालं की मात्र या मूळपेशी झोपी जातात. आजूबाजूच्या म्हाताऱ्या पेशी धड मरत नाहीत आणि कामही करत नाहीत, नुसती जळजळ करणारी रसायनं सोडत राहतात. त्या गोंगाटात मूळपेशींना उठायचा निरोपच पोचत नाही. हुपरीकरांच्या संस्थेनं केलेला नाकात मारायचा फवारा आधी त्या रिकामटेकड्या पेशींना हटवायचा आणि मग झोपलेल्यांना हाक मारायचा. एवढंच. त्यानं गुडघे सुधारत नव्हते, केस काळे होत नव्हते, आयुष्य वाढत नव्हतं. फक्त नाक.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," फवारा देताना हुपरीकर म्हणाल्या होत्या. "नवी पेशी जन्माला आली की चारशे प्रकारांतला कुठला तरी एक प्रकार निवडते आणि आपली तार मेंदूकडं सोडते. सुरुवातीला तारा कुठंही जोडल्या जातात. त्या लावून घ्याव्या लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ ओळखीच्या वस्तू हुंगायच्या आणि मोठ्यानं नाव घ्यायचं. तुमच्या घरातला तुमच्या सगळ्यात ओळखीचा वास निवडा. त्याच्यावर बाकीचे बसतील."

आमच्या घरातला सगळ्यात ओळखीचा वास कुठला, हे मला विचारायची गरज नव्हती. कांदा-लसणाची चटणी. बाहेरगावचे लोक तिला मसाला म्हणतात, आम्ही चटणी म्हणतो. वर्षाची एकदम करायची. मिरच्या, धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला, सगळं भाजून-तळून डंकावर न्यायचं, यंत्राच्या लोखंडी मुसळांखाली कुटून आणायचं आणि बरण्यांत भरायचं. मी माझ्या आईकडून शिकले. आमच्या घरात आणि दोन्ही नणंदा, दोन दीर, पुण्याच्या दोघी बहिणी अशा आणखी सहा घरांत वर्षभर माझ्याच हातची चटणी चालते. शाळेतली नोकरी संपली, पोरगं मोठं झालं, स्वयंपाकघर हळूहळू सुनेकडं गेलं. या घरात अजून निखळ माझं म्हणून काही उरलं असेल तर ती चटणी. कपाटातून गेल्या वर्षीची बरणी काढली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यात नाक खुपसून "चटणी, चटणी" म्हणायला लागले.

"जप चाललाय काय, बाई?" आनंदराव विचारायचे. मी शिक्षिका, म्हणून लग्नापासून ते मला चिडवायला 'बाई' म्हणतात.

पहिले काही आठवडे नुसता गोंधळ होता. चहाला रॉकेलचा वास यायचा आणि फिनेलला जाईचा. आनंदराव जवळ बसले की कुणीतरी कच्चा बटाटा कापतंय असं वाटायचं. मग हळूहळू एकेक वास आपल्या जागेवर येऊन बसला. दिवाळीच्या आसपास एका सकाळी पूर्वानं कोथिंबीर निवडायला घेतली, आणि मी बाहेरच्या खोलीतून उठून आत गेले. इतका हिरवा, इतका ओला वास, की मी ती जुडी हातात घेऊन उभी राहिले आणि मला रडू आलं. गेली कित्येक वर्षं मी कोथिंबिरीशिवाय जगत होते आणि मला पत्ता नव्हता. पूर्वा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

त्यानंतर मी घराला सळो की पळो करून सोडलं, हेही खरं. गाद्यांना वास येतोय, उन्हात टाका. फ्रिजमधलं ताक आंबलंय. आनंदरावांच्या स्वेटरला विडीचा वास येतोय, आणि डॉक्टरांनी तर ती केव्हाच बंद केली होती.

"तुला डोळं दिलं असतं त्या डॉक्टरनं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "निदान झाकून घेतलं असतंस."

त्यांच्याही नाकाची तपासणी झाली होती. वयाच्या मानानं ठीक, पण मंद. पुढच्या तुकडीत त्यांचं नाव घातलं होतं, फाल्गुनात सुरुवात होणार होती. जोडप्यातलं एकच नाक तरुण झालं की घरात भांडणं होतात, असा संस्थेचा अनुभव होता म्हणे.

चटणी पूर्वी आम्ही चैत्रात करायचो. आता चैत्रातलं ऊन गच्चीवर उभं राहू देत नाही, म्हणून सगळं कोल्हापूर माघातच मिरच्या वाळवतं. मी आधीच जाहीर करून टाकलं की यंदाची चटणी मी एकटी करणार. निवडण्यापासून बरणीपर्यंत.

"मी डंकावर तरी येते," पूर्वा म्हणाली.

"नको. माझं नाक आलंय आता."

तिनं हातातली पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. मला वाटलं, दुखावली. वाटू दे म्हटलं, एका वर्षानं काय बिघडतंय.

काय सांगू किती मजा आली. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. धणे भाजताना कोवळा वास जाऊन खमंग वास येतो तो क्षण मला नेमका सापडत होता. मधल्या वर्षांत तो मी नुसत्या रंगावर पकडत होते, हे आता कळत होतं. लवंग तेलात फुलली तेव्हा घरभर वास गेला आणि आनंदराव पेपर टाकून आत आले. आईच्या मापानं, आईच्या क्रमानं सगळं केलं. डंकावर सारिका लोहार असते, माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी, आता स्वतः पन्नाशीची. तिच्यासमोर बसून कुटून घेतलं, घरी आणलं आणि हिंगाचे खडे घालून बरण्या भरल्या. मग एक बरणी उघडून दीर्घ श्वास घेतला.

ती माझी चटणी नव्हती.

वाईट नव्हती, पण परकी होती. उग्र, करकरीत, दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली. मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. तेच. नाक पुन्हा गेलं की काय? गेल्या वर्षीची बरणी काढली. ती बरोबर होती, गोलसर, मऊ, आमची. तीच मापं, तेच हात, आणि दोन वेगळ्या चटण्या. पूर्वा दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही, मला कारण सापडलं होतं. डंकावर अदलाबदल झाली होती. आमच्याकडं कुठल्याही बाईला ही भीती असते, आपली मिरची दुसरीच्या घाण्यात जाईल म्हणून. मी समोर बसले असूनही मला हेच वाटलं, यावरून मी किती घाबरले होते ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी पिशवीत घालून मी सारिकाकडं गेले.

"सारिका, ही चटणी माझी नव्हे."

"असं कसं म्हणतासा, बाई? तुमच्या डोळ्यांम्होरं कुटली की."

"मी नाकानं सांगतेय. तू कुणाची तरी चटणी माझ्यात मिसळलीस. इतक्या वर्षांचा विश्वास आहे म्हणून शांतपणे विचारते."

मी शांतपणे विचारत नव्हते. रांगेतल्या बायका बघत होत्या. सारिकाचा चेहरा पडला. तिनं हात पुसले, मला आत नेलं, खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

"बाई, आयशप्पथ, तुमची तुमालाच दिली. निस्तं यंदा पूर्वावैनी दुसऱ्यांदा आल्या न्हाईत, मग मला वाटलं तुमीच नको म्हणून सांगितलं असणार."

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

"दरवर्षी येतात की. तुमची चटणी झाली की दुसऱ्या दिवशी. गुठळ्या झाल्यात म्हणून डबा आणतात, संगं आणखी एक पुडा असतोय. भाजलेली बडीशेप, खोबरं, वाईच धणं. ते घालून परत कुटून न्हेतात." ती थांबली. "तुमाला म्हाईत नव्हतं व्हय?"

बडीशेप. कोल्हापूरच्या चटणीत बडीशेप. एरवी हे ऐकून मी डंक डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी मी पाणी प्याले, सारिकाची माफी मागितली आणि रांगेतल्या बायकांनाही ऐकू जाईल अशी मागितली.

घरी गेले नाही. रिक्षाला संस्थेचा पत्ता सांगितला. कारण बडीशेपेचा राग बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरत होता. यंदाची चटणी जर खरोखर माझी, माझ्या आईची होती, तर ती माझ्याच नाकाला परकी का लागावी?

हुपरीकरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी हसल्या, मग माझं तोंड बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बाई, तुमचं नाक नवं आहे. जुन्याची डागडुजी नाही, नवंच. त्याला तुम्ही शिकवलंत की चटणी म्हणजे हे, आणि समोर जी बरणी धरलीत ती सुनेच्या हातची होती. त्यानं तेच पाठ केलं. तुमची आठवण जुनी आहे, पण तिला जोडलेल्या तारा नव्या आहेत."

"मग आता?"

"अजून तारा पक्क्या झालेल्या नाहीत. चैत्रापर्यंत होतील. तोपर्यंत पुन्हा शिकवता येईल. सहा आठवडे फक्त तुमच्या आईच्या चटणीचं, म्हणजे यंदाच्या बरणीचं जेवण, दोन्ही वेळा. दुसऱ्या चटणीचा वाससुद्धा नको. थोडक्यात, स्वयंपाकघर वेगळं करावं लागेल." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "आणि काय घालवायचं ते तुम्हीच ठरवा. आत्ता जे घर वाटतंय ते मग परकं वाटेल."

हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. मला आईची चव परत हवी होती. आई गेली तेव्हा तिच्या साड्या बहिणींनी नेल्या, मी काही मागितलं नाही, कारण मला वाटायचं की तिची चव माझ्याकडं आहे. ती आता माझ्याच नाकाला ओळखू येणार नसेल तर माझ्याजवळ आईचं काहीच नव्हतं.

संध्याकाळी पूर्वा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले.

"बडीशेप किती घालतेस?"

तिचे हात थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "किलोला मूठभर. मंद भाजून."

"कधीपासून?"

"ज्या वर्षी लवंग दुप्पट पडली तेव्हापासून. धणेही करपले होते. पाठवली असती तर सहाही घरांत लोक बोलले असते. मी फक्त उग्रपणा मारायला घातलं. पुढच्या वर्षीही तसंच झालं, मग त्याच्या पुढच्याही."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार, आई? तुम्ही बरणी उघडायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, जमली. मला तोंड उघडवायचं नाही. यंदा तुमचं नाक आलं, म्हटलं सुटले."

मला तिचा राग येत होता आणि लाजही वाटत होती. ज्या चटणीवर मी नाक वर करून हिंडत होते ती या पोरीनं सावरून धरली होती, आणि कौतुक झालं की हीच मान खाली घालून हसायची. मी तिला रागावले नाही. पण हुपरीकरांचं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे वेगळी चूल," पूर्वा म्हणाली.

"औषध म्हणून. सहा आठवडे."

"लोक औषध नाही म्हणणार, आई." तिनं मोडलेल्या शेंगा पातेल्यात टाकल्या. "पण तुमच्या आईची चव आहे. करा तुम्ही. मी वर शेगडी लावून देते."

तिनं खरंच लावून दिली. गच्चीवरच्या खोलीत शेगडी, चार भांडी, तांदळाचा डबा, सगळं स्वतः वर नेलं आणि खाली जाताना दार ओढून घेतलं, वास वर येऊ नये म्हणून. सहा घरांचे डबे तसेच थांबले. धाकट्या नणंदेचा फोन आला की चटणी कधी पाठवताय, तर मी म्हटलं, अजून मुरतेय.

वरच्या खोलीत आईच्या मापाची यंदाची चटणी घातलेली पहिली आमटी आनंदरावांनी भुरकली आणि भाकरी बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली. हा माणूस कधी आमटी अशी पीत नाही.

"काय झालं?"

"ही तुझी. लग्न झाल्यावर केलीवतीस ती." त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली. "सात-आठ वर्षं न्हाई खाल्ली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सुनेची चटणी खायलोय हे कळत न्हाई व्हय? ती पोरगी चोरून डबा घिऊन जायची, मी फाटकात बसून बघायचो. चांगलं करायलीय म्हटलं, कशाला बोला."

मला रागवायचंही सुचलं नाही. ते ज्या चवीनं खात होते ती मला परकी लागत होती आणि ती माझीच होती. मी नाकाला धरून शिकवायला लागले. रोज दोन वेळा, "चटणी, आईची चटणी." जिन्यावरून खाली जायचं झालं तर नाकातोंडाला पट्टी बांधून जायचे. पूर्वा समोरून आली की बाजूला व्हायची, कारण तिच्या पदराला खालच्या स्वयंपाकाचा वास असायचा. स्वतःच्या घरात असं चोरासारखं वागताना मला फार वाईट वाटायचं.

आणि ते काम करत होतं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी भाकरीवर चटणी घेतली, वरून तेल सोडलं, आणि अचानक मला आईचं स्वयंपाकघर दिसलं. दिसलं म्हणजे वासातून दिसलं. तिचा कोपऱ्यातला पाट, धुरानं काळी झालेली भिंत, तिच्या हाताचा तिखटाचा वास. क्षणभरच. पण मी घास हातात धरून तशीच बसून राहिले. मी शिक्षिका, पुढं काय होतं ते मला तपासायलाच हवं होतं. म्हणून खाली गेले, तोंडावरची पट्टी काढली आणि गेल्या वर्षीची, पूर्वाच्या चटणीची बरणी उघडली.

तिला दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा वास येत होता. कुठल्याशा पाहुण्यांकडं गेलं की दारात येतो तसा. मी बरणी हातात धरून ओट्याशी उभी होते, ज्या ओट्याशी कोथिंबिरीसाठी रडले होते, आणि मला ते घर माझं वाटेना. आत्ता हुपरीकरांचं शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं. आई मिळत होती, पण तिच्या बदल्यात हे जात होतं. पूर्वाची आमटी, पूर्वाचं कालवण, या पोरीनं मला न दुखावता वर्षानुवर्षं वाढलेलं जेवण, हे सगळं पाहुण्यांच्या घरचं होणार होतं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. पूर्वा मागच्या अंगणात कपडे काढत होती.

मी वर गेले नाही. पाट मांडला आणि बसले. पूर्वा कपड्यांचा ढीग घेऊन आत आली आणि मला बघून दारातच थबकली.

"आई, पट्टी? अजून सहा आठवडे नाही झाले."

"वाढ," मी म्हणाले.

तिनं कपडे तसेच खुर्चीवर टाकले. हात धुऊन भात आणि आमटी वाढली. पहिला घास परका लागला. दुसराही. मी मोठ्यानं म्हटलं, "चटणी. पूर्वाची चटणी." नाकाला नाव सांगितलं की ते शिकतं. ती हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. मीही रडले, आमटी खूप तिखट आहे असं म्हणत.

"उद्या दोघी डंकावर जाऊ," मी म्हणाले. "तुझा पुडा उघड्यावर घेऊन चल. आणि सहा घरी फोन मी करते, कुणाच्या हातची चटणी येतेय ते सांगायला."

"आणि तुमच्या आईची चव?"

ती मी सोडली होती, आणि सोडताना दुखत होतं, एवढंच खरं. मी भातावर आणखी आमटी ओतून घेतली. तेवढ्यात आनंदराव जिना उतरून आले, एका हातात त्यांचं ताट आणि दुसऱ्या हातात माझ्या आईच्या चटणीची वाटी. वर एकटं जेवायला त्यांना कंटाळा आला होता. त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या शेजारी बसले आणि भाकरी मोडली.

"परवापास्नं माझा फवारा सुरू व्हणार हाय न्हवं? मी हुपरीकरबाईंना फोन करतो. नको म्हणून सांगतो."

"का? कोथिंबीर कशी असते ते तुम्हाला नको कळायला?"

"कळल की. पण नवं नाक पुढ्यात येईल तेच शिकतंय, ह्यो जुना वास मग माझ्याबी नाकातनं जाईल." त्यांनी वाटीतली चटणी बोटानं चाखली. "तुला आता हिच्यातलं कायबी कळणार न्हाई. मग वर्साला करशील तवा बरोबर झाली का न्हाई ते कोण सांगणार? एक नाक ऱ्हाऊ दे म्हातारं, घरात."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, आणि या माणसानं माझ्यासाठी काय सोडलं याचा मी कधी हिशेब ठेवला नव्हता. मी म्हटलं, "मग दरवर्षी एक किलो वेगळी करीन. धणे बरोबर भाजले की नाही ते शेजारी बसून तुम्ही सांगायचं."

"सांगतो की. पण बाई, माझं ऐकायचं. नाक वर करायचं न्हाई."

पूर्वानं त्यांच्या ताटात आईची चटणी वाढली, माझ्या ताटात तिची, आणि स्वतःचं ताट घेऊन ती आमच्या समोर बसली.